बॉनेट कोणी उघडायचं?

चाकणच्या प्रकल्पात २०२२ पासून मर्सिडीज-बेंझची ईक्यूएस ही विजेवर चालणारी मोठी गाडी जोडली जाऊ लागली. तेव्हा किंमत दीड कोटीच्या वर होती. या गाडीचं बॉनेट मालकाने उघडायचं नसतं. काच धुण्याचं पाणी भरायला पुढच्या चाकावरच्या पत्र्यात एक छोटी झडप दिली आहे. तेवढीच मालकाची जागा. बॉनेटखाली जे काही आहे ते वर्कशॉपचं.

याच कंपनीच्या इतिहासाची सुरुवात एका बाईने रस्त्यात केलेल्या दुरुस्तीपासून होते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, नवरा कार्ल बेंझ यांना न सांगता त्यांनी बनवलेली मोटारगाडी काढून, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. वायरचं आवरण झिजलं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं मारून घेतलं. इंधन विसलोखच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. जगातल्या पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासात यंत्र सारखं बिघडत होतं, आणि तरीही तो पुरा झाला, कारण बिघडलेलं जे काही होतं ते चालवणारीला दिसत होतं, हाताला लागत होतं आणि वाटेतल्या माणसाला समजत होतं.

मर्सिडीजची कीर्ती पुढच्या शंभर वर्षांत याच गोष्टीवर वाढली, आणि ही गोष्ट सुटत गेली तशी ती डागाळली, असं माझं म्हणणं आहे. हा प्रश्न श्रीमंतांच्या हौसेपुरता नाही. गाडी विकल्यानंतरही तिच्या दुरुस्तीची किल्ली कंपनीकडेच राहावी का, हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कायद्यानेच द्यावं लागेल.

भारतात तीन टोकांचा तारा सामान्य माणसाने आधी पाहिला तो मालट्रकच्या नाकावर. १९५४ मध्ये टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डाइमलर-बेंझ यांचा करार झाला, जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले आणि १९६९ मध्ये करार संपला. या ट्रकांना नाव मिळालं ते घाटात बंद पडल्यावर रस्त्याकडेच्या फिटरने पान्यांच्या पिशवीवर चालू करून दिल्यामुळे. गुळगुळीत कातड्याच्या सीटचा त्यात काही संबंध नव्हता. युरोपातही वेगळं घडलं नाही. तिथे या नावाला वजन दिलं टॅक्सीवाल्यांनी. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाची २४०डी ही डिझेल गाडी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. इतकं चालताना इंजिनं पुन्हा पुन्हा बदलावी लागली, हे सांगायला लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळं मर्म त्यातच आहे. गाडी अमर नव्हती. ती उघडता येत होती.

१९७६ ते १९८६ या काळात बाजारात असलेली डब्ल्यू१२३ ही मालिका पाहा (‘डब्ल्यू’ आणि आकडा हे कंपनीचं मॉडेलच्या पिढीला दिलेलं सांकेतिक नाव). एकूण सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. तिच्या २४०डीमधलं डिझेल इंजिन पूर्ण यांत्रिक: बॉशचा इन-लाइन पंप, चार नोझल, थंड इंजिन तापवणारे चार ग्लो प्लग, आणि बंद करायलाही वीज नाही, व्हॅक्यूम म्हणजे हवेची ओढ. संगणक कुठेच नाही. त्या बदल्यात मालकाकडून ती एक शिस्त मागते. दर २४ हजार किलोमीटरला व्हॉल्व्हचा गॅप बसवायचा. इंजिन थंड असताना इनटेक ०.१० मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.३०. त्यासाठी १४ नंबरचे दोन पाने आणि एक फीलर गेज पुरतो. ते केलं नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घट्ट होत जातो, सीटवर नीट बसत नाही, कॉम्प्रेशन पडतं, आणि थंडीच्या सकाळी इंजिन उचलत नाही. मग मालक बॅटरी बदलतो, ग्लो प्लग बदलतो, पंप खोलतो. खरं कारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतं. पण ते शोधायला कुणाची परवानगी लागत नाही.

तिच्यानंतरची डब्ल्यू१२४ नोव्हेंबर १९८४ मध्ये आली. पुण्याशी नातं जोडलेली गाडी हीच. १९९४ मध्ये कंपनीने भारतात पाय रोवला आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात ई२२० आणि ई२५० डिझेल बनू लागल्या. नेमक्या त्याच वर्षी युरोपात तिची जागा नव्या डब्ल्यू२१० ने घेतली होती. तिकडे उतरलेलं मॉडेल आपल्या गळ्यात मारलं, ही इथल्या गिऱ्हाइकांची तक्रार रास्त होती आणि गाड्या अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत. पण आज तीस वर्षांनी पाहिलं तर नव्यापेक्षा त्या जुन्याच मॉडेलने गॅरेजवाल्यांचा जास्त विश्वास राखला आहे. डब्ल्यू१२४ चीही दुखणी आहेत. एसीचा इव्हॅपोरेटर गळला की अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि त्यात काही दिवस जातात. सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा हेडगॅस्केट मागच्या कोपऱ्यातून तेल सोडतो. हे सगळं कष्टाचं काम आहे, पण शेवटी ते काम आहे. वेळ आणि हात लावले की होतं.

मग घसरण कधी सुरू झाली? चुकीचं उत्तर फार पक्कं बसलंय. १९९८ मध्ये क्रायस्लरशी विलीनीकरण झालं, अमेरिकनांच्या नादाला लागून मर्सिडीज बिघडली, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा हे मान्य करत नाहीत. इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडण्याचा रोग १९९३ ते १९९५ च्या सुमाराच्या गाड्यांत आहे. तांबं उघडं पडतं, वायरी एकमेकींना टेकतात, इंजिन मिसफायर करतं आणि शेवटी थ्रॉटल किंवा कंट्रोल युनिट जळतं. गंजासाठी बदनाम झालेली डब्ल्यू२१० आली १९९५ मध्ये. अमेरिकेत बनलेली पहिली एम-क्लास १९९७ ची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नवी ए-क्लास स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत अचानक वळवताना उलटली. हे सगळं विलीनीकरणाच्या आधीचं आहे.

कारण जर्मनीतच शोधावं लागेल. १९८९ मध्ये टोयोटाने लेक्ससची एलएस ४०० अमेरिकेत आणली: शांत, नेटकी आणि किमतीला मर्सिडीजपेक्षा बरीच खाली. त्या वर्षअखेरीस काही दोष निघाले तेव्हा लेक्ससने सुमारे आठ हजार गाड्या मालकांच्या दारातून नेऊन, दुरुस्त करून परत आणून दिल्या. मर्सिडीजचं उत्तर होतं १९९१ ची एस-क्लास, डब्ल्यू१४०. दुहेरी काचा, प्रचंड वजन, ठरल्यापेक्षा उशीर आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च. तोवर कंपनीत आधी गाडी घडायची, मग तिचा खर्च मोजून किंमत लागायची. डब्ल्यू१४० नंतर हा क्रम उलटला: आधी बाजारातली किंमत ठरवायची आणि मग तेवढ्यात बसेल अशी गाडी घडवायची. व्यवसाय म्हणून त्यात गैर काही नाही, जपानी कारखाने हेच करून उत्तम गाड्या बनवत होते. पण ज्यांच्या हाडात ही पद्धत नव्हती त्यांनी ती घाईने लावली तेव्हा कात्री चालली ती गिऱ्हाइकाला शोरूममध्ये न दिसणाऱ्या ठिकाणी: वायरिंगच्या आवरणावर, सांध्यांमधल्या सीलंटवर, गंजरोधक थरांवर.

डब्ल्यू२१० चं उदाहरण सविस्तर पाहण्यासारखं आहे. पुढच्या स्प्रिंगची वरची वाटी आतल्या पत्र्याला वेल्ड केलेली असते आणि सांध्यावर सीलंटचा थर असतो. तो थर तडकला की पाणी आणि चिखल आत शिरतो आणि गंज थराच्या आड, नजरेबाहेर वाढतो. वरून सगळं ठीक दिसत असताना एक दिवस वाटी पत्र्यासकट सुटते आणि गाडीचा पुढचा कोपरा चाकावर बसतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत राहिलेली अशी गाडी घेणाऱ्याने पुढची चाकं काढून त्या सांध्यावर स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. नुसत्या टॉर्चने कळत नाही.

तरीही, खालच्या दर्जाचा माल हा तारा काळवंडण्याचं अर्धंच कारण आहे. गंज कापता येतो, नवा पत्रा वेल्ड करता येतो, वायरिंग नवं बांधता येतं. खरा बदल त्यानंतर आला.

२००१ पासून एसएल या स्पोर्ट्स गाडीमध्ये आणि मग ई-क्लासमध्ये बॉशबरोबर बनवलेली सेन्सोट्रॉनिक ब्रेक पद्धत बसली. पेडल फक्त इशारा देतं, दाब पंप आणि संगणक तयार करतात. ते युनिट ब्रेक किती वेळा लावला याची मोजदाद ठेवतं आणि ठरावीक आकडा ओलांडला की, युनिट चांगलं असो वा नसो, सूचना देतं. बिघाड झालाच तर फक्त पुढच्या चाकांना पायाच्या जोराने ब्रेक लागतो आणि पेडल खोल जातं. मे २००४ मध्ये ६ लाख ८० हजार गाड्या या ब्रेकसाठी परत बोलावल्या गेल्या. मार्च २००५ मध्ये ब्रेक, अल्टरनेटर आणि बॅटरीच्या कारणांनी १३ लाख, तोवरची कंपनीची सर्वांत मोठी परतबोलावणी. २००६ मध्ये ई-क्लासमधून ही पद्धत काढून टाकली. अशी गाडी ज्यांच्याकडे आजही येते त्यांनी एक लक्षात ठेवावं: पॅड बदलण्याआधी स्कॅनरने पंप निष्क्रिय केला नाही, तर गाडी उघडल्याक्षणी ती स्वतःची तपासणी करते, पिस्टन पूर्ण दाबाने बाहेर येतात आणि मधली बोटं चिरडतात. म्हणजे साधे पॅड बदलण्याचं काम कंपनीच्या माहितीवर अवलंबून राहिलं. वाट इथून बदलली.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे कुलूप. २००७ नंतरच्या सी-क्लास आणि त्यापुढच्या ई-क्लासमधलं इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉक घ्या. किल्ली आत घातली की एक छोटी मोटर बोल्ट मागे खेचते, तेव्हा ‘झर्र’ असा हलका आवाज येतो. मोटर खेळण्यातल्या गाडीत असते एवढीच. तिचे ब्रश झिजले की आवाज येत नाही, इग्निशन चालू होत नाही आणि धडधाकट इंजिनाची गाडी जागेवर निर्जीव होते. मोटर बदलणं एखाद्या घड्याळजीलाही जमेल. पण नवं लॉक बसवायचं तर ते त्या गाडीच्या नावाने कोड होऊन यावं लागतं, आणि कोड देणारा सर्व्हर कंपनीचा. गॅरेजवाल्यांनी वाट काढली: कोणी मोटर बदलून जुनंच लॉक पुन्हा बसवतं, कोणी लॉकच्या जागी ‘मी उघडलो आहे’ असा खोटा इशारा देणारा एम्युलेटर लावतं. ज्यांना सरळ दाराने येऊ दिलं नाही ते खिडकीतून आले, यात मला नवल वाटत नाही. पण एम्युलेटर लावलेल्या गाडीत स्टिअरिंगचं कुलूपच उरत नाही. चोरी रोखायला आणलेल्या बंदोबस्ताने चोरी सोपी केली.

गिअरबॉक्सचीही तीच कथा. १९९६ नंतरच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला १३ पिनांचा एक प्लग आहे. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल वायरींमधून केशाकर्षणाने चढत वर कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतं. प्लग स्वस्त, काम तासाभराचं. मात्र आधी युनिटचा कनेक्टर काढून आत तेल आहे का, हे पाहायला हवं. याच गिअरबॉक्सच्या तेलाला कंपनीने आधी ‘आयुष्यभराचं’ म्हटलं आणि पुढे ६० हजार किलोमीटरला बदलायला सांगितलं. तेल मोजायची पट्टीही गाडीसोबत येत नाही. नळीचं टोपण कुलूपबंद असतं आणि तेल ८० अंशांना तापवून वर्कशॉपच्या मोजपट्टीने मोजायचं. एवढं अडेलपण समजून घेता येतं. पण २००३ पासूनच्या सात गिअरच्या पेटीत कंट्रोल बोर्डच तेलात बुडवून आत बसवला. त्यावरचा वेगाचा सेन्सर गेला की अख्खा बोर्ड बदलायचा, आणि तोही गाडीशी कोडने बांधलेला. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला चांगला जुना बोर्ड मिळाला तरी, कोड पुसल्याशिवाय तो चालत नाही.

दिल्लीमुळे हे आपल्या दारात आलं आहे. राजधानीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि तिथल्या सुस्थितीतल्या डिझेल ई-क्लास पडत्या भावात बाहेरच्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. घेणारा बहुतेकदा दुसरा किंवा तिसरा मालक; कंपनीच्या वर्कशॉपचं बिल त्याला परवडत नाही. तीन लिटरच्या व्ही६ डिझेलमध्ये दोन हेडच्या मधल्या खोबणीत ऑइल कूलर असतो. त्याचे सील उष्णतेने कडक होतात, तेल मागून बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या कवचावर, उतरतं आणि अननुभवी मेकॅनिक मागचं ऑइल सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवतो. सील किरकोळ किमतीचे, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला टर्बो आणि मॅनिफोल्ड काढावे लागतात. हवेवरच्या सस्पेन्शनची गाडी रात्रीतून एका कोपऱ्यात बसत असेल तर आधी स्ट्रटवर साबणाचं पाणी टाकून गळती शोधावी. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर गळती भरून काढता काढता नवाही जळतो. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त आहे, आणि कंपनीने ते स्वतःहून बाहेर दिलेलं नाही.

कुलपाच्या बाजूने दिले जाणारे युक्तिवाद हलके नाहीत. चोरी, सुरक्षितता, प्रदूषण आणि विजेच्या गाडीतला ४०० व्होल्टचा धोका. धोका खराच आहे. प्रशिक्षण आणि इन्सुलेटेड हातमोजे नसलेल्या माणसाने बॅटरीच्या नारिंगी वायरींना हात लावू नये. पण त्यासाठी माणसाला परवाना द्यावा लागतो, विजेच्या तारजोडणीसाठी आपण वायरमनला देतोच. चोरीचं उत्तर युरोपीय संघाने शोधलं आहे. २०१८ चा ८५८ क्रमांकाचा नियम स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देणं बंधनकारक करतो, आणि २०२१ च्या पुरवणीने सेर्मी ही व्यवस्था आणली. तिच्यात गॅरेज आणि तंत्रज्ञ दोघांची पडताळणी होते आणि मग कुलूप-किल्लीची माहितीही त्यांना मिळते. कोणी कोणत्या गाडीसाठी घेतली याची नोंद राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडीच्या तपासणी सॉकेटपुढे नियमात नसलेल्या जादा अटींची भिंत उत्पादकाला उभारता येणार नाही.

प्रदूषणाचा युक्तिवाद तर मला उलट्या दिशेने जाणारा वाटतो. २०१८ मध्ये जर्मन नियामकाने या कंपनीच्या लाखो डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर नियमबाह्य ठरवून त्या परत बोलवायला लावल्या. अमेरिकेत २०२० मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता सरकारी यंत्रणांशी सुमारे दीड अब्ज आणि मालकांशी सुमारे ७० कोटी डॉलरची तडजोड केली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या कोणाला डोकावता येत नाही, त्याच्या भरवशावर हवा स्वच्छ राहील असं या अनुभवानंतर कोणी म्हणू नये.

आणि आता कुलूप हाच विकायचा माल झालाय. अमेरिकेत २०२२ मध्ये कंपनीने विजेच्या गाड्यांना वर्षाला १,२०० डॉलरच्या वर्गणीवर जास्त वेग देऊ केला. जर्मनीत ईक्यूएसची मागची चाकं जास्त अंशात वळवण्यासाठी वार्षिक शुल्क ठेवलं गेलं. मोटर तीच, चाकं तीच. मालकाने विकत घेतलेलं लोखंड त्यालाच भाड्याने.

भारतात हा प्रश्न एकदा ऐरणीवर आला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कारउत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात न विकणं, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची पुस्तकं स्वतंत्र गॅरेजना न देणं, हा ठपका होता. यादीत मर्सिडीज होती, तशाच टाटा, मारुती आणि महिंद्राही होत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेलं आणि गॅरेजवाल्याच्या हातात काही पडलं नाही. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वाहनं त्यात घेतली, वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं. पण त्यात उत्पादकाने माहिती टाकावी ही अपेक्षा आहे, सक्ती नाही.

सक्ती हवी ती तीन गोष्टींची. मॉडेल बंद झाल्यापासून किमान पंधरा वर्षं सुटे भाग आणि त्यांचे कोड वाजवी दरात मिळावेत. परवानाधारक स्वतंत्र गॅरेजला कोडिंगच्या सर्व्हरवर कंपनीच्या वर्कशॉपइतकाच प्रवेश असावा. आणि कायदेशीर मार्गाने आलेला जुना भाग दुसऱ्या गाडीत बसवायचा तर त्याचा आधीचा कोड पुसून देण्याचं बंधन उत्पादकावर असावं. पहिल्या दोन गोष्टींवर कंपन्या कुरकुरत का होईना तयार होतील. तिसरीवर अडतील, कारण नवे भाग विकण्यातली कमाई तिथे आहे, आणि म्हणूनच ती सोडू नये.

मर्सिडीजला हे जमणार नाही असं नाही. जर्मनीतल्या फेलबाखला १९९३ पासून तिचं स्वतःचं क्लासिक सेंटर आहे आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे अनेक भाग कंपनी आजही पुरवते. २०२५ च्या नव्या सीएलएमध्ये मालकाला उघडता येईल असं बॉनेट परत आलं आहे, तूर्त सामान ठेवण्यापुरतं. २०२२ मध्ये नोंदलेली ईक्यूएस २०३७ मध्ये पुनर्नोंदणीसाठी आरटीओत उभी राहील. तोवर ती तिसऱ्या-चौथ्या हातात गेलेली असेल, बॅटरीचा एखादा मॉड्यूल दुबळा झाला असेल, बॅटरीची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर चिकटत असेल. तो मॉड्यूल बदलून गाडीला ओळखायला लावणारा कोड चाकण किंवा भोसरीतल्या गॅरेजला मिळणार की नाही, हे २०३७ मध्ये ठरवून उपयोग नाही. ते गाडी विकायची मंजुरी देतानाच लिहून घ्यावं लागतं.